अठरा दिवस गप्प

प्रीतम इंगळेच्या घरात एक नाव घ्यायला बंदी होती. ते नाव म्हणजे किरण तायडे. बायकोने, म्हणजे चेतनाने, ते काढायचं नाही, नातेवाइकांनी काढायचं नाही, बचत गटाच्या बायका आल्या तर त्यांनीही निदान चहा संपेपर्यंत जिभेला आवर घालायचा. बंदी घालणारा स्वतः मात्र दिवसातून वीसदा तेच नाव घ्यायचा. दात घासताना घ्यायचा, जेवताना घ्यायचा आणि रविवारी तर खिडकीत खुर्ची टाकून त्या नावाचा जपच करत बसायचा. अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. खरं बोलायचं तर आपल्या प्रत्येकाच्या आतही असतात, पण ते कबूल कोण करतो!

खिडकी मरोळच्या एका पुनर्वसन इमारतीत चौथ्या मजल्यावर होती. समोर अरुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे कोपऱ्यावरच्या जागेत किरणच्या कंपनीची सहा मजली इमारत उभी राहत होती. खाली दुकानं, वर ऑफिसं. हिरव्या जाळीवर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव लिहिलेलं होतं: द्रौपदाई कन्स्ट्रक्शन्स. ही अक्षरं प्रीतमच्या डोळ्यांत अशी खुपायची की त्याने एकदा दुपारभर पडदा ओढून ठेवला होता. संध्याकाळी स्वतःच तो बाजूला केला, कारण समोर काय चाललंय हे बघितल्याशिवायही त्याला चैन पडेना.

पंचवीस वर्षांपूर्वी हे दोघं बुलढाणा जिल्ह्यातल्या एकाच गावातून मुंबईला आले, घाटकोपरच्या एकाच खोलीत राहिले. सळया कापायच्या, वाकवायच्या, तारेने बांधायच्या, हे काम दोघं एकाच मुकादमाच्या शिव्या खात शिकले. किरणची आई द्रौपदाबाई त्याच साइटवर घमेली वाहायची आणि दुपारी दोघांना एकाच डब्यातून भाकरी वाढायची. हातात हुन्नर मात्र प्रीतमच्या जास्त होता. त्याने बांधलेल्या सळयांच्या जाळीवर माणूस चालला तरी ती जागची हलत नसे. हे किरणही चारचौघांत सांगायचा. आणि प्रीतमचं दुखणं नेमकं तेच होतं. हुन्नर माझ्याकडे आणि पाटी त्याची?

पाटी एका दिवसात लागली नव्हती. किरणने आधी मरोळलाच चार गाळे बांधून दिले. ते ठरल्या दिवशी झाले आणि पावसाळ्यात गळले नाहीत, ही मुंबईत केवढी नवलाई! गाळेवाल्यांपैकी एकाने आपल्या मेव्हण्याचं गोदाम त्याला दिलं. गोदाम बघून एका डॉक्टरने दोन मजली दवाखाना दिला. मग चकाल्याला तीन मजली ऑफिस आणि मुलुंडला गाड्यांचं शोरूम. आता एकाच वेळी तीन साइटी, दीडशे माणसं, हेल्मेट घातलेले इंजिनियर. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींसाठी घमेली वाहिली, तिचं नाव भल्यामोठ्या अक्षरांत झळकताना बघून वस्तीतल्या कितीतरी बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. प्रीतमच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. गाळे झाले तेव्हा तो म्हणाला, "नशीब!" गोदाम झालं तेव्हा म्हणाला, "वशिला!" दवाखान्यानंतर त्याला नवा शब्द सापडेना, म्हणून तो लोकांना एक गोष्ट सांगू लागला. किरणने माझी अक्कल वापरली, धंदा सुरू केला आणि मला खड्यासारखं बाजूला काढलं. लोक चुकचुकायचे. ही गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितली, की ती सांगताना त्याचा स्वतःचा गळाही खराखुरा दाटून यायचा.

तसं प्रीतमचं वाईट चाललं नव्हतं. आठ माणसांची टोळी होती, सळई बांधायचे छोटे ठेके मिळत होते, घर स्वतःचं होतं. पण मत्सराला स्वतःच्या ताटात काय आहे ते दिसतच नाही. विहारात किरणने थंड पाण्याचा कूलर बसवून दिला, तर प्रीतम घरून बाटली भरून न्यायला लागला. घशाला कोरड पडली तरी त्या कूलरच्या तोटीला त्याने कधी हात लावला नाही. चौदा एप्रिलच्या बॅनरवर किरणचा फोटो वरच्या ओळीत आला, तर या पठ्ठ्याने मिरवणुकीत डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या वाटेतून घर गाठलं. आणि दोन महिन्यांपूर्वी तर त्याने हद्दच केली. वॉर्ड ऑफिसात निनावी तक्रार टाकली: फुटपाथवर वाळू, हवेत धूळ, नागरिकांचे हाल. माणसं पाहणीला आली. किरणने तासाभरात वाळू उचलली, दुसऱ्या दिवशी जाळी लावली आणि तक्रारदार नागरिकाचे आभार मानणारा कागद गेटवर चिकटवला. त्या कागदापायी प्रीतमला आठवडाभर जेवण गेलं नाही.

अशा माणसाच्या डोळ्यांसमोर त्या मंगळवारी छज्ज्याचं काँक्रीट ओतलं गेलं.

इमारतीच्या मुख्य दारावर आठ फूट बाहेर आलेला रुंद छज्जा होता. खाली एकही खांब नाही, नुसता भिंतीतून निघालेला. दिसायला फार रुबाबदार. पण ज्यांचे हात सळईला लागले आहेत त्यांना ठाऊक असतं, की अशा छज्ज्याचा सगळा जीव त्याच्या वरच्या सळयांत असतो. छज्जा खाली झुकू बघतो आणि वरच्या अंगाच्या सळया त्याला भिंतीकडे ओढून धरतात. त्या वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या सळईचे छोटे आधार लावतात. साइटवर त्यांना चेअर म्हणतात. चेअर मोडल्या किंवा सरकल्या आणि सळया तळाशी दबल्या, तर मग तो छज्जा नुसता दिखावा. टेकू आहेत तोवर उभा राहील. टेकू काढले की तो कधी खाली येईल याचा नेम नाही.

प्रीतम खिडकीतून बघत होता. जाळी चांगली बांधली होती, हे त्याला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. पण मग पंपाचा जाडजूड पाइप त्या जाळीवरूनच ओढला गेला. गमबूट घातलेले चौघं तिच्यावरून बिनधास्त चालू लागले. एक चेअर आडवी झाली. मग दुसरी. भिंतीजवळची सगळी जाळी बघता बघता खाली बसली आणि तिच्यावर राखाडी काँक्रीट पसरलं. केतन नावाचा तरुण इंजिनियर फोनवर पुढच्या गाडीची चौकशी करत होता. किरण त्या दिवशी मुलुंडच्या साइटवर होता.

"अरे, जाळी उचला!" हे शब्द प्रीतमच्या ओठांवर आले होते. पंचवीस वर्षांची सवय होती ती. पण ते बाहेर पडायच्या आत त्याची नजर त्या पांढऱ्या अक्षरांवर गेली, आणि त्याने तोंड मिटलं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"वाट लागली रे तुझी, किरणशेठ," तो पुटपुटला.

त्या दिवसापासून प्रीतमचा स्वभावच बदलला. तो आंघोळ करताना गाऊ लागला. भाजीत मीठ कमी पडलं तरी कुरकुरेना. सकाळी उठला की खिडकीत जाऊन छज्ज्याखालचे टेकू बघायचा आणि समाधानाने चहा प्यायचा. मनाची समजूतही त्याने छान घातली होती. मी काय केलं? काहीच नाही. मी कुणाची सळई दाबली नाही, चेअर मोडली नाही. त्यांचे एवढे शिकलेले इंजिनियर आहेत, त्यांनी बघावं. आणि होऊन होऊन होणार काय? टेकू काढल्यावर तडा जाईल, गाजावाजा होईल, चार लोक म्हणतील की तायडेचं काम कच्चं. बस्स. एवढंच तर हवंय. त्या छज्ज्याखाली माणसं उभी असतील, हा विचार मनात आला की तो लगेच उठून टीव्ही लावायचा.

सतराव्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. चेतनाने दार उघडलं तर बाहेर द्रौपदाबाई. लिफ्ट बंद होती, म्हणून म्हातारी चार जिने चढून आली होती आणि भिंतीला हात टेकून धापा टाकत होती. चेतनाने तिला हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं. प्रीतम उठून उभा राहिला. बंदी घातलेल्या घरात त्या नावाची आईच येऊन बसली होती!

"मावशी, एवढे जिने कशाला चढलात? फोन करायचा ना," तो कसाबसा म्हणाला.

"तुह्या घरची पत्रिका मी दुसऱ्याच्या हाती धाडीन व्हय रे?" मुंबईत पंचवीस वर्षं काढूनही तिची बोली गावचीच होती. "पुढच्या रविवारी उद्घाटन हाय. विहारातल्या साऱ्या बाया वंदना म्हननार. चेतना, तू तं पुढं पाह्यजे बाई. त्या मोठ्या छज्ज्याखाली सतरंज्या टाकनार, सावली हाय तिथं. मले खुर्चीवर बसवनार म्हनते किरण, फीत मह्या हातानं कापायची. मी म्हनलं, मह्या दोन पोरांयपैकी एकच येऊन कसं चालीन? दुसऱ्यालेबी आनतो." आणि तिने पत्रिका प्रीतमच्या हातात ठेवली, वरून त्याच्या गालावरून हात फिरवला.

"टेकू कधी काढणार?" प्रीतमने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"परवा काढतो म्हने किरण. मले काय समजते त्यातलं."

ती गेली. चेतना तिला जिन्याखालपर्यंत पोचवून परत आली, तेव्हा प्रीतम पत्रिका हातात धरून तसाच उभा होता.

"तू जायचं नाहीस," तो म्हणाला.

"म्हणजे? इतकी म्हातारी बाई घरी येऊन गेली आणि मी जायचं नाही? अजून किती जळाल हो?"

"जायचं नाही म्हटलं ना! निदान त्या छज्ज्याखाली बसू नकोस. लांब बस."

चेतना एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. माणूस काय लपवतोय हे तिला त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत कळायचं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "का?"

मग त्याला सांगावं लागलं. पाइप, गमबूट, आडव्या झालेल्या चेअर, सगळं. सांगताना आधी त्याचा आवाज ताठ होता, पण शेवटी शेवटी शब्द नीट फुटेनात.

चेतना मटकन पलंगावर बसली. "सतरा दिवस तुम्हाला हे ठाऊक आहे? आणि तुम्ही गाणी म्हणत होतात?"

"मी सांगून कोण ऐकणार गं? म्हणतील जळतोय. त्या तक्रारीचं कुणाला कळलं असेल तर मग संपलंच. आणि ज्याने मला धंद्यातून बाजूला फेकलं, त्याची काळजी मी का करायची?"

"कुणी फेकलं तुम्हाला?"

प्रीतमने हातातली पत्रिका उलटी केली.

"आज बोलतेच," चेतना म्हणाली. "इतकी वर्षं बोलले नाही ते चुकलंच माझं. किरणभाऊ पेढे घेऊन आले होते आपल्या घाटकोपरच्या खोलीत. मी स्टोव्हपाशी होते. 'अर्धी पाटी तुझी,' म्हणाले. तुम्ही काय म्हणालात? 'ठरलेला ठेका सोडून तुझ्या नादाला लागू? उद्या बुडालास तर मी बायकोला काय खायला घालू?' मला तेव्हा सातवा महिना होता. तुम्ही घाबरलात, त्यात काहीच चूक नव्हती. कोणीही घाबरला असता. पण घाबरलो हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून तुम्ही त्या माणसाला चोर केलंत. ही खरी चूक."

प्रीतमने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"आणि मला एक सांगा," तिचा आवाज आता शांत झाला होता. "तो छज्जा पडला, किरणभाऊंचं नाव मातीत गेलं, तर तुमचं किती इंच वर येणार आहे? एक इंच तरी? आपल्या वस्तीतली किती पोरं त्यांच्या साइटवर कामाला आहेत, मोजा. आपल्यातला एक माणूस पाटी लावतो तेव्हा बाहेर काही लोक वाटच बघत असतात, कधी हा आपटतो आणि कधी आम्ही म्हणतो, की ह्यांना कुठे जमतंय! त्यांच्या तोंडी ते वाक्य द्यायला आपलाच माणूस निघाला. आणि हे सगळं सोडा. खाली माणसं असणार आहेत हो! ज्या बाईने तुम्हाला भाकरी वाढली, ती असणार आहे."

"मी काही केलं नाही, चेतना."

"तेच तर. तुम्ही काहीच केलं नाही!"

"उद्या सांगतो," प्रीतम म्हणाला. त्याला खरंच सांगायचं होतं. पण कसं सांगायचं, आधी कोणतं वाक्य म्हणायचं, फोनवर की समोर, यातच सकाळ झाली.

सकाळी साडेआठला तो खिडकीत आला. टेकू उद्या नव्हे, आजच काढायला घेतले होते! फरशीवाले एक दिवस आधी आले होते, म्हणून केतनने काम पुढे ओढलं होतं. कडेचे दोन टेकू आडवे पडलेले दिसत होते आणि तिसऱ्यावर हातोडा पडत होता. छज्ज्याच्या सावलीत बसची वाट बघणाऱ्या सात-आठ बाया आणि एक शाळकरी मुलगी उभी होती.

"थांबा! अरे थांबा!" तो खिडकीतून ओरडला. यंत्रांच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. पायात चपलाही न घालता प्रीतम धावत सुटला. चार जिने तो कसा उतरला ते त्यालाही नंतर आठवलं नाही.

"हातोडा खाली ठेव! बायांनो, बाजूला व्हा, आधी बाजूला व्हा!" बाया घाबरून सरकल्या. कामगार बघत राहिले. केतन पुढे आला.

"ओ काका, काय चाललंय? तुम्ही समोरचे ना? खिडकीतून रोज बघत असता ते?"

"टेकू काढू नका. वरची जाळी खाली दबलीय. ओतताना दबली. मी बघितलंय."

"स्टील मी स्वतः तपासलंय. ड्रॉइंगप्रमाणे आहे."

"आदल्या दिवशी तपासलंस. ओतताना तू फोनवर होतास!"

केतनचा चेहरा उतरला, पण तो हट्टाला पेटला. "आमचं टाइमटेबल तुमच्यासाठी थांबवू का? चला रे, घ्या पुढचा."

तेव्हा प्रीतम इंगळे सरळ छज्ज्याखाली गेला आणि उरलेल्या टेकूंच्या मधोमध, भिंतीला पाठ न टेकता, जमिनीवर मांडी घालून बसला. "काढा," तो म्हणाला. "आता काढा."

हातोडा कुणी उचलला नाही. केतनने फोन लावला. किरण यायला अर्धा तास लागला आणि तोवर प्रीतम तिथून हलला नाही. डोक्यावर आठ फुटांचं काँक्रीट होतं आणि सतरा दिवस ज्या विचाराला त्याने टीव्ही लावून गप्प केलं होतं, तो आता त्याच्या शेजारीच बसला होता.

किरण आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण चालणं तेच. दोघं समोरासमोर आले त्याला काही वर्षं लोटली होती.

"काय आहे, प्रीतम?"

"भिंतीजवळ वरून फोडून बघ. वरचं स्टील एक इंचावर लागलं, तर मला सगळ्यांसमोर खोटारडा म्हण."

किरणने एक शब्द न बोलता स्वतः छिन्नी-हातोडा घेतला आणि शिडीने वर गेला. खाली सगळे माना वर करून उभे होते. एक इंच झाला, सळई लागली नाही. दोन इंच झाले. तीन. केतनने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. छिन्नी साडेचार इंच आत गेली तेव्हा कुठे ती लोखंडावर आदळली. छज्ज्याची जाडी होती सात इंच!

किरणने खाली उतरून छिन्नी केतनच्या हातात दिली. "तुला कधी कळलं?"

इथे प्रीतमला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच संशय आला, म्हणता आलं असतं, आणि तो त्या क्षणी देवदूत ठरला असता. "ओतताना बघितलं," तो म्हणाला. "आज अठरावा दिवस."

"रोज बघत होतास?"

"रोज."

"माझी आई ह्याच्याखाली बसणार होती, प्रीतम."

"हो. काल तिनेच सांगितलं. आणि वाळूची तक्रारही मीच केली होती."

"ते माहीत होतं. पाहणीला आलेल्यांनी तक्रारीचा कागद दाखवला होता. सळयांच्या याद्या तूच लिहायचास ना? तुझं अक्षर मी ओळखणार नाही?" किरणने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "पूर्वी ओतताना तू जाळीवर उभा असायचास. पाय वर घे, चेअर सांभाळ, म्हणून बोंबलत असायचास. तू नाहीस म्हटल्यावर ती जागा मी भरलीच नाही. साइटी वाढवल्या, पण बघणारे डोळे वाढवले नाहीत. ती चूक माझी. पण आज तुला मिठी मारणं मला जमायचं नाही."

"मी मागितली नाही."

"छज्जा तोडून परत ओतावा लागेल. त्या दिवशी येशील?"

प्रीतमने होकारार्थी मान हलवली.

उद्घाटन महिनाभर पुढे गेलं. छज्जा तोडला, नवी जाळी बांधली, आणि ओतायच्या दिवशी प्रीतम सकाळपासून फळीवर उभा राहिला. पंपाचा पाइप त्याने जाळीला लागू दिला नाही, तो वेगळ्या घोड्यांवरून, म्हणजे उंच लाकडी स्टँडवरून घेतला. केतन त्याच्या शेजारी उभा राहून एकेक चेअर मोजत होता, आणि फोन त्याने स्वतःहून खाली ठेवला होता. संध्याकाळी काम आटोपल्यावर किरण नुसतं "झालं नीट" एवढंच म्हणाला आणि गेला.

मग एका रविवारी त्या छज्ज्याखाली सतरंज्या पडल्या. पांढऱ्या साड्यांतल्या बायांनी वंदना म्हटली, चेतना पुढच्या रांगेत होती. द्रौपदाबाईने फीत कापली. किरण बोलायला उभा राहिला. आधी लोकांची माफी मागितली. "हा समारंभ महिनाभर उशिरा होतोय, कारण आमच्या कामात मोठी चूक झाली होती. ती वेळेत दाखवून देणारा माणूस इथेच मागे बसलाय. माझा जुना सोबती, प्रीतम इंगळे. त्याने वेळेत सांगितलं म्हणून आज आपण सगळे सुखरूप आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी वर्षं ज्या टाळ्यांसाठी प्रीतमचा जीव जळत होता, त्या अखेर त्याच्यासाठी वाजत होत्या, आणि तो मात्र घामाघूम झाला होता. किरणने मोठ्या मनाने त्याचं पाप झाकलं होतं. नुसतं बसून राहिलं की झालं असतं. गप्प राहणं किती सोपं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो उठला.

"किरण खोटं बोलतोय," तो म्हणाला, आणि टाळ्या थांबल्या. "मी वेळेत सांगितलं नाही. मी अठरा दिवस गप्प होतो. त्याचं बरं चाललंय हे मला बघवत नव्हतं म्हणून. आणि दुसरं. मी तुमच्यातल्या कितीतरी जणांना सांगितलंय, की त्याने मला धंद्यातून बाजूला काढलं. ते खोटं आहे. तो अर्धी पाटी द्यायला आला होता. मी घाबरलो आणि नाही म्हणालो. एवढंच."

चेतना मान खाली घालून रडत होती. द्रौपदाबाई खुर्चीतून उठली, बायांमधून वाट काढत मागे गेली आणि म्हणाली, "इकडं ये. मह्यापाशी बस." किरणने शेजारची एक खुर्ची ओढून आईच्या खुर्चीजवळ ठेवली.

मित्रहो, दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखणं हा काही गुन्हा नाही. आपण माणसं आहोत, दुखायचंच. पण आपल्याला काहीतरी ठाऊक असतं, एका वाक्याने कुणाचं तरी नुकसान टळणार असतं, आणि ते वाक्य आपण केवळ जळफळाटापायी गिळतो, तिथून गुन्हा सुरू होतो. कारण आपल्या गप्प बसण्याने पडतो तो छज्जा शत्रूच्या एकट्याच्या डोक्यावर पडत नाही. त्याखाली कुणाची आई असते, बसची वाट बघणारी कुणाची मुलगी असते. तेव्हा तुमच्याही मनात असं एखादं गिळलेलं वाक्य असेल, तर अठरा दिवस थांबू नका. आजच त्या माणसाच्या दारी जा आणि सांगून टाका.